दोरीचं दुसरं टोक

अकरा वाजून दहा मिनिटांनी माझी आई दुसऱ्यांदा आली. पहिल्यांदा ती सकाळीच येऊन गेली होती, दोन कॉलम रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, ओठ मिटलेले, डोळे सरळ समोर, आधार कार्डासाठी काढलेल्या फोटोत सगळ्यांचे असतात तसे किंचित घाबरलेले. खालचा मजकूर मीच लिहिलेला. 'प्रथम पुण्यस्मरण. कै. श्रीमती प्रभावती दिनकर परब, लाटंबार्से, डिचोली. एक प्रेमळ आई व आजी.' त्याखाली मुलगा सिद्धेश, सून अंकिता, मुलगी सौ. संजना, जावई राजेश, नातवंडं गौरवी आणि गौरेश. त्यातली सौ. संजना म्हणजे मी. पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या जाहिरात विभागात मी सव्वीस वर्षं आहे आणि त्यातली वीस वर्षं पुण्यस्मरणाचं पान माझ्याकडे आहे. मेलेल्या माणसांबद्दल त्यांची माणसं काय लिहितात आणि काय लिहायचं टाळतात, हे या तालुक्यांत माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. 'प्रेमळ' हा शब्द कुणीही कुणालाही लावतं. 'मनमिळाऊ' लिहिलं की समजावं, घरच्यांना दुसरं काही आठवलं नाही. 'शिस्तप्रिय' म्हणजे मुलं अजून भीत आहेत. सुनांची नावं पुढे-मागे झाली म्हणून लोक दुसऱ्या दिवशी काउंटरवर येऊन उभे राहतात, आणि ज्या भावाचं नाव मुद्दाम गाळलंय त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणतात, जागा पुरली नाही. मी मान हलवते. जागा कशाला पुरते आणि कशाला पुरत नाही, हे मला सांगायला नको. स्वतःच्या आईसाठी वीस वर्षांच्या अनुभवातून निवडून मी 'प्रेमळ' घातलं होतं.

दुसरी जाहिरात डिचोलीच्या काउंटरवरून आली होती. एक कॉलम, आठ सेंटिमीटर. मजकुरात एकच ओळ. 'आजी, केवण भिजत घातली आहे.' खाली 'गौरवी.' ना तारीख, ना कै., ना श्रीमती. आणि सोबत फोटो, जो मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या लाटंबार्श्याच्या घराची ओसरी. जमिनीवर सुपारीची शिपटी, म्हणजे अख्खे घड, एक महाळुंग, रानातल्या कांगलांचे पिवळे घोस. आई मांडी घालून बसलेली, हसतेय. तिच्यासमोर नऊ-दहा वर्षांची माझी मुलगी, तीही हसतेय. दोघींचे हात एका घोसात गुंतलेले आणि म्हणून केवणीच्या दोरीचं एक टोक गौरवीच्या दातांत आणि दुसरं टोक माझ्या आईच्या दातांत.

मी खुर्ची पुढे ओढली. फोटो मोठा केला. दोरी ओली होती, चकाकत होती. आईच्या खालच्या ओठावर पाण्याचा थेंब होता. मी आणखी मोठा केला, तर चेहरा गेला आणि नुसते करडे, पांढरे चौकोन राहिले. समोरच्या टेबलावरून प्रवीणनं विचारलं, "मॅडम, काय झालं?" हा आमचा पान लावणारा. मी म्हटलं, "काही नाही. डबल आलीय एक." डबल येणं नवीन नाही. एका मृताच्या दोन जाहिराती येतात तेव्हा एक तर दोन घरं असतात, नाही तर दोन भाऊ. माझ्या आईला एकच घर होतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर लाकडाची चौकट टांगतात आणि तिला रानातून आणलेली फळं, बोंडं, पानं बांधतात, ती माटोळी. सुतळी चालत नाही, नायलॉनची तर नाहीच. केवणीच्या झाडाची साल सोलून, भिजवून तिच्या पट्ट्या काढतात. त्या दोऱ्या ओल्या असतात तोवर बुळबुळीत, गाठ बसता बसता सरकते. सुकल्या की लोखंड. चौकटीवर चढायचं काम पुरुषांचं. खाली बसून घोस बांधायचं काम आमच्या घरी आईचं. ती लाटंबार्श्यात सून म्हणून आली पेडण्यातल्या केरीहून, समुद्राकाठची, तिला इथलं एक झाड ओळखता येत नव्हतं, असं माझी आजी शेवटपर्यंत सांगायची. पण दहा वर्षांत अशी वेळ आली की गावातली माणसं, ह्या बोंडाला काय म्हणतात, हे आईला विचारायला येऊ लागली. मी ते सगळं ओसरीच्या पायरीवरून पाहिलेलं आहे. पायरीवरून, कारण नऊ वर्षांची असताना मला तिथे बसवण्यात आलं आणि नंतर कुणी वर बोलावलं नाही.

ते असं झालं. चवथीच्या आदल्या दिवशीची दुपार होती. आई आत भाताचं पाणी काढायला गेली होती आणि महाळुंगाचा घोस अर्धा बांधून ठेवला होता. महाळुंग जड. मी तो उचलला, दोन्ही हातांनी धरला, गाठ मारायला तिसरा हात नव्हता, म्हणून मी दोरीचं टोक दातांत धरलं आणि मान मागे नेत ओढलं. त्या सालीची चव मला अजून सांगता येईल. कडू नाही, तुरट म्हणावं तर तेवढी तुरट नाही, पाण्यात राहिलेल्या लाकडाची चव. गाठ बसली. ती बसली तेव्हा दातांतून कानापर्यंत एक लहानसा आवाज गेला, टक्. मी खूष होऊन वर पाहिलं, तर आई दारात. "काय केलंस? तोंडात घातलंस? देवाचां असा तां. उष्टां केलंस मगो सगळां." मी काही बोलायच्या आत तिचा हात माझ्या गालावर आला. दोरी अजून दातांतच होती, त्यामुळे घोस उडून माझ्या मांडीवर पडला. "ऊठ थंयसून. हात लावशीत तर बघ." तो घोस तिनं उचलून मागच्या दारी नेला. टाकला असणार. बाबांना रानात पुन्हा जावं लागलं, पावसातून, दुसरं महाळुंग शोधायला. त्या वर्षी आरतीला उभी होते तेव्हा मी वर माटोळीकडे पाहिलं नाही. आणि त्यानंतर दर चवथीला, अगदी मी कॉलेजात जाऊ लागल्यावरसुद्धा, मी पायरीपाशी आले की आई न बघता म्हणायची, "तू अभ्यास कर जा."

मी अभ्यास केला. त्याचं काय झालं ते समोर आहे, माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे. मी तक्रार करत नाही, मी फक्त कुणाला काय मिळालं ते लक्षात ठेवते. सवय आहे. आईनं मला रोज सकाळी वेणी घालून दिली, घट्ट, डोळे ताणले जातील इतकी. तापात रात्रभर कपाळावर घड्या ठेवल्या. मला कधी उपाशी शाळेत पाठवलं नाही. एखादीनं हे सगळं दिलं की तिला प्रेमळ आई म्हणायला हरकत नसते, आणि मी म्हटलंच आहे, दोन कॉलमांत. पण ती माझ्यासमोर बसून हसली होती का, हे मला आठवायला बसावं लागतं. माझ्या लग्नात मी निघाले तेव्हा सगळ्या बायका रडत होत्या आणि आई मांडवाच्या टोकाला उभी राहून किती जणांची पंगत राहिली ते मोजत होती. मी मागे वळून पाहिलं तेव्हा तिची बोटं हलत होती. मी स्वतः मोजणाऱ्यांतली, त्यामुळे मला राग आला नाही. वाटलं, आमच्या घरात असंच असतं.

मग गौरवी झाली आणि मला कळलं की आमच्या घरात असंच असतं असं काही नाही. राजेश वीज खात्यात, बदलीवर काणकोणला, मी इथे, पाळणाघरं तेव्हा आजच्याइतकी नव्हती. सहा महिन्यांची पोर मी आईकडे ठेवली आणि चौथीपर्यंत ती तिथेच राहिली. शनिवारी मी जायचे. दर शनिवारी मला काहीतरी नवीन दिसायचं. आई तिला पेज भरवताना आधी स्वतःच्या ओठाला चमचा लावून बघायची, गरम आहे का. आई तिला पाठीवर घेऊन काजूच्या बागेत हिंडायची. दारावर पाववाला पोदेर आला की उंडो, तो कडक गोल पाव, फोडून त्यातला मऊ भाग तिला आणि कड स्वतःला. मला कड आवडायची नाही हे आईला सांगायची सोय नव्हती, मी उंडो अख्खा खाऊन शाळेला गेलेली आहे. एकदा मी पोचले तर आई ओसरीवर पालथी पडलेली आणि गौरवी तिच्या पाठीवर उभी राहून चालतेय. "पाठ दुखतेय का?" मी विचारलं. आई जमिनीत तोंड घालूनच म्हणाली, "दुखणा नाय गो. चेडू नाचता." पोर नाचतेय. मी पिशवी ठेवली आणि आत जाऊन चहा केला. मी आईच्या पाठीला शेवटचा हात कधी लावला होता, असा विचार करत होते आणि दूध उतू गेलं.

आपल्या पोटच्या मुलीवर जळणं हे कुणी बोलत नाही, जाहिरातीत तर लिहितच नाहीत. सासू सुनेवर जळते, जाऊ जावेवर, त्याला शब्द आहेत, गाणी आहेत, भांडणं आहेत. मी शनिवारी रात्री गौरवीला कुशीत घेऊन झोपायचे आणि तिच्या केसांना माझ्या आईच्या अंगाचा वास यायचा, खोबरेल आणि धूर. मला ती हवी होती म्हणून मी तिला जवळ घ्यायचे की तो वास हवा होता म्हणून, हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. पाचवीला तिला पणजीला आणायचं ठरलं तेव्हा ती ओसरीचा खांब धरून बसली. अशी रडली की शेजारचे आले. आई खाली बसून एकेक बोट सोडवत होती आणि प्रत्येक बोटाबरोबर काहीतरी पुटपुटत होती. शेवटी पोर माझ्या हातात देऊन म्हणाली, "घेवन जा. तुझांच असा तां." आणि तोंडाला पदर लावला. मी गाडीत बसले. माझ्या मांडीवर माझी मुलगी तिच्या आईसाठी रडत होती, म्हणजे माझ्या आईसाठी, आणि मी काचेतून पाहत होते की आई अजून रस्त्यावर उभी आहे. मी जन्मल्यापासून ती रस्त्यावर कुणासाठी अशी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

"मॅडम, हा सिंगल कॉलममध्ये कसा बसवू?" प्रवीणनं विचारलं. त्यानं फोटो पानावर घेतला होता. "आडवा आहे. दोघींना घेतलं तर तोंडं वाटाण्याएवढी होतात. एकीला कापावं लागणार. म्हातारी कोण, मयत तीच ना?"

"तीच."

"मग पोरीला कापू?"

तो नवा आहे. गौरवीला त्यानं पाहिलेलं नाही, आणि सकाळच्या आधार कार्डाच्या फोटोतली बाई हीच, हेही त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं. तो चूक नव्हता. ती दोन वेगळी माणसं होती.

"काप," मी म्हटलं.

त्यानं कापलं. पडद्यावर आई एकटी राहिली. हसतेय, दातांत दोरी, आणि दोरी ताणलेली, चौकटीच्या उजव्या कडेपर्यंत जाऊन तुटलेली. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी उठून पाणी प्याले. आणि मग नियम आठवला. मृताचं पूर्ण नाव नसेल तर पुण्यस्मरणाची जाहिरात आम्ही घेत नाही. मीच केलेला नियम, कारण एकदा कुणीतरी 'बाळू, तुझी आठवण येते' एवढंच दिलं होतं आणि चार गावांतून फोन आले होते. म्हणजे ही जाहिरात मी कापायचीच गरज नव्हती, ती परत पाठवता येत होती. साडेपाचला पान जातं. दोनपर्यंत मी दुसरी कामं केली. प्रथम वर्षश्राद्ध, फोंडा. उत्तरकार्य, म्हापसा. एका घरानं आजोबांच्या नावापुढे 'परोपकारी' हवं म्हणून तीनदा फोन केला. मी ते केलं. सगळा वेळ जीभ पुढच्या दातांच्या मागे फिरत होती.

गेल्या वर्षी, शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलात नर्स फॉर्म घेऊन आली होती. मी थर्मास घेऊन पायाशी उभी, गौरवी उशाशी. गौरवी तेव्हा डिचोलीच्या औषध कंपनीत लागली होती आणि राहायला पुन्हा लाटंबार्श्यालाच गेली होती, तिथून जवळ पडतं म्हणून. असं सगळे म्हणत होते. नर्सनं आईला विचारलं, "आज्ये, तुजी धूव खंयची?" मुलगी कोणती, एवढंच. आईनं हात उचलला, त्याला सलाईनची नळी होती, तरी उचलला, आणि गौरवीकडे दाखवला. नर्सनं फॉर्म गौरवीपुढे धरला. गौरवी म्हणाली, "मी नात. मुलगी ही." नर्स हसली, आई हसली नाही, तिनं डोळे मिटले. ती औषधांच्या गुंगीत होती, हे मला डॉक्टरनं समजावलं, मी डॉक्टरला विचारलं नव्हतं तरी. पाच दिवसांनी ती गेली, चवथीला आठवडा असताना. सुतक म्हणून गेल्या वर्षी आमच्याकडे चवथ झाली नाही. चौकट माळ्यावरच राहिली.

दोन वाजता मी गौरवीला फोन लावला. कंपनीत जेवणाची सुट्टी असते तेव्हा.

"गौरवी, तुझ्या जाहिरातीत नाव नाही."

"पोचली तुझ्याकडे?" ती म्हणाली. "आहे की. गौरवी."

"मृताचं नाव."

"आजी लिहिलंय."

"आजी हे नाव नव्हे. ह्या गोव्यात आजी किती आहेत?"

"म्हणून तर फोटो दिला." ती काहीतरी चावत होती. "आई, तू ती अडवणार नाहीस ना?"

"मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू ती सुधारली असतीस."

हे खरं होतं, म्हणून मी बाजूला ठेवलं. "फोटो कुठून मिळाला?"

"मामाच्या जुन्या कॅमेऱ्यातला. त्याच्या कॉम्प्युटरवर पडून होता. मी चौथीत असेन. तू नव्हतीस, चवथीच्या आधी तुमच्याकडे पुरवणी असते ना." मग ती आपणहून म्हणाली, "केवण खरंच भिजत घातलीय. आठ दिवस आहेत अजून, कुजेल म्हणून मामा ओरडला. पण मला सराव पाहिजे. आजीशिवाय पहिलीच माटोळी. आणि एकटीला गाठ बसत नाही."

"दोरी तोंडात आहे तुमच्या," मी म्हटलं. आवाज मला हवा होता त्याहून मोठा आला. प्रवीणनं वर पाहिलं. "देवाची दोरी. तिच्या तोंडात आणि तुझ्या."

"हो, मग? ओली असते, सरकते. दोघींनी दातांत धरून उलट ओढायची. मग टक् आवाज येतो." तिनं घास गिळला. "तुझीच तर युक्ती ती."

"माझी?"

"आजी सांगायची ना. 'तुझ्या आवशीन मारली ती गाठ. दातान ओढल्यान. मी सोडूक बसलंय मागच्या दारी, सुटाक नाय. नखां मोडली माझी. शेवटाक कोयत्यान कापूची लागली.' असं. आणि मग म्हणायची, 'मारलंय मी तेका. फुकट मारलंय.'" गौरवीला केरीची बोली आईच्या तोंडची तशीच येते, चढउतारासकट. मला येत नाही, मी शाळेची भाषा बोलते. "मग पुढच्या वर्षीपासून ती स्वतः लपून दातानंच ओढायची म्हणे. आजोबांना कळू न देता. देवाला विचारून घेतलं होतं, म्हणायची."

"कधी सांगितलं तिनं हे?"

"दर चवथीला. घोस बांधायला बसलो की एकदा तरी. तोंडात दोरी घ्यायच्या आधी."

मी मोजलं. मला थांबवता येत नाही. गौरवी चार वर्षांची असताना पहिल्यांदा बसली असेल, आई गेली तेव्हा ती चोवीसची. मधली दोन वर्षं करोनात मी तिला पणजीलाच थांबवून घेतलं होतं. अठरा चवथी. अठरा वेळा माझ्या आईनं माझी माफी मागितली होती आणि अठराही वेळा ती गौरवीकडे जमा झाली होती.

"मला का सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुला ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि मला कळलं की तिला खरंच तसं वाटलं होतं. "तुम्ही रोज बोलायचात ना फोनवर. मला वाटलं, तुला तर तिनं आधीच सांगितलं असेल."

रोज बोलायचो. रात्री पावणेनऊला. "जेवलंस?" "जेवले. तू?" "जेवलंय. पाऊस असा थंय?" "आहे थोडा." "ठेवू?" "ठेव." अकरा वर्षं. कधी कधी 'ठेव' म्हटल्यावरही ती फोन ठेवायची नाही, ओसरीतल्या घड्याळाचा आवाज यायचा, आणि मला वाटायचं तिला बटण सापडत नाहीय. मी ठेवून द्यायचे.

गौरवीची सुट्टी संपली. जाता जाता म्हणाली, "नाव घालायचं तर घाल. पण ओळ बदलू नकोस हां." मी म्हटलं, बदलणार नाही. फोन ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. मला राग आला होता. मला गाठ बसली होती तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ती माझी होती, मी शोधलेली, माझ्या दातांनी. तीसुद्धा आईनं उचलली, धुतली, जपून ठेवली आणि नातीला देऊन टाकली, माझी लहानपणची झबली दिली तशी. त्यासोबत माझा गालसुद्धा. आणि हेही दिसत होतं की ती मला दिली असती तर मी काय केलं असतं. म्हटलं असतं, जाऊ दे गं आई, जुनी गोष्ट. आणि विचारलं असतं, जेवलीस? तिला ठाऊक असणार. माणूस जिथे ठेवून घेतील तिथेच ठेव ठेवतो.

पाचला प्रवीणनं पान दाखवलं. "मॅडम, ही नाव नसलेली घ्यायची ना?"

"घ्यायची. ओळीखाली बारीक अक्षरात नाव टाक. कै. प्रभावती दिनकर परब."

त्यानं टाइप केलं आणि त्याची बोटं थांबली. त्यानं वर आमची दोन कॉलमांची जाहिरात पाहिली, मग खाली हे, मग माझ्याकडे. माझ्या टेबलावरच्या पाटीवर नवऱ्याचं आडनाव आहे, पण यादीत 'सौ. संजना' होतं. हुशार पोरगा आहे. "मॅडम," तो हळू म्हणाला, "ती मुलगी परत घेऊ का? वरची सोन्याच्या दुकानाची थोडी सरकवली तर दोन कॉलम करता येईल. कुणी विचारणार नाही."

करता आलं असतं. मी पडद्यावरच्या आईकडे पाहिलं. ती ओढत होती. मान किंचित मागे, गळ्याच्या शिरा ताठ, हसू दोरीच्या दोन्ही बाजूंनी फुटलेलं. गौरवीला हे समोरून पाहायला मिळालं होतं, अठरा वर्षं, हातभर अंतरावरून. तिच्याकडे पुरेसं होतं.

"नको," मी म्हटलं. "मुलगी नको. असंच राहू दे. फक्त ही जाहिरात वर घे, दोन कॉलमवालीच्या डाव्या बाजूला, चिकटून."

"शेजारी शेजारी? एकाच बाईच्या?"

"हो. आता थोडी खाली. अजून. दोन मिलिमीटर. थांब. दोरी कुठे संपते बघ, त्या रेषेत पलीकडे काय येतं?"

त्यानं पट्टी लावली. "'मुलगी : सौ. संजना'."

"बस," मी म्हटलं. "पाठव पान."

सकाळी राजेशनं पेपर उघडला, दोन्ही जाहिराती वाचल्या, चष्मा वर केला. "गौरवीनं दिलीय वाटतं ही. फोटो छान आहे सासूबाईंचा. पण दोरीचं दुसरं टोक कुणाकडे आहे?" मी म्हटलं, कॉलमात बसलं नाही. तो पुढच्या पानावर गेला. पेपर मी घेतला. शाई हाताला लागत होती. आईच्या दातांतून निघालेली दोरी तिच्या चौकटीच्या काळ्या रेषेला टेकत होती, आणि रेषेच्या पलीकडे, बरोबर तिथेच, नऊ पॉइंटच्या बारीक अक्षरांत, मी होते. ज्याला ठाऊक नाही त्याला काही दिसलं नसतं. मी त्यावर बोट ठेवलं, मग उचललं, पुसलं जाईल म्हणून.

फोन वाजला. गौरवी. मी तो वाजू दिला, चौथ्या घंटीला उचलला. पलीकडे पेपर चुरचुरत होता. ओसरीवर बसून बोलत होती, घड्याळ ऐकू येत होतं.

"कापलंस मला," ती म्हणाली.

"एक कॉलम होता."

"हं." नुसतं घड्याळ. या वेळी मी फोन ठेवला नाही. ती चित्र जवळ नेऊन बघत असावी, कारण तिचा श्वास कागदावर आपटल्यासारखा येत होता. मग तो थांबला. तिला दिसलं.

"आई," ती म्हणाली. "ही दोरी तुझ्या नावाला लागलीय."

"पान लावताना जिथे जागा मिळते तिथे बसवतात," मी म्हटलं.

ती हसली. आईचं हसू, दोन्ही बाजूंनी फुटणारं, तेही तिच्याकडेच आहे. आणि मग बोलली ती त्या केरीच्या बोलीत, जी मला कधी आली नाही आणि तिला मांडीवर बसून मिळाली.

"मगे ओढ, गो आई."